पाचवी पातळी

“उद्या भामाआयचा आवाज सभागृहात घुमला पाहिजे,” कुलगुरू म्हणाले आणि त्यांनी चहाचा कप बशीत ठेवला. “काय लागेल ते करा, पण ती फाईल उघडा.”

त्यांच्या टेबलासमोर आम्ही दोघं बसलो होतो. मी बालाजी सोनटक्के, मूळचा लातूरचा, विद्यापीठाच्या डिजिटल संग्रहावर नेमलेला कंत्राटी तंत्रज्ञ. शेजारी ग्रंथपाल विजया आरोंदेकर मॅडम. ग्रंथपाल म्हणजे प्रभारी ग्रंथपाल. कायमच्या नेमणुकीची त्यांची फाईल कुलगुरूंच्या टेबलावर, अगदी आमच्या डोळ्यांसमोर पडलेली होती. वर्षानुवर्षं त्या प्रभारीच होत्या आणि ह्या महिन्यात सही होणार असं सगळ्या कार्यालयात बोललं जात होतं.

“उघडता येणार नाही, सर,” मॅडम म्हणाल्या.

“का? बिघडलीय?”

“नाही. पाचव्या पातळीवर आहे. विचारून उघडायची. मी विचारलं. नाही म्हणाले.”

“कोण नाही म्हणाले?”

“मांड, सर.”

कुलगुरू डॉ. मिराशी चांगला माणूस होता, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर गोष्टीत ते उगाच खलनायक व्हायचे. आमच्या कोकणातल्या त्या लहानशा विद्यापीठात डिजिटल संग्रह उभा राहिला तो त्यांच्या हट्टामुळं. उद्या त्याचं उद्‌घाटन होतं. आणि ज्या भामाआय गवस हिचं गाणं त्या संग्रहाचं भूषण होतं, ती दिवाळीनंतर वारली होती. उद्‌घाटनाला तिच्या आवाजानं सुरुवात करावी आणि तिच्या सुनेचा सत्कार करावा, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. ह्यात वाईट काय होतं? मला तर काहीच वाटत नव्हतं.

“मांड म्हणजे सोनवळचा तो मांड? जमीन नाही म्हणाली?” कुलगुरू हसले, पण ते वैतागले होते हे कळत होतं.

“मांडाची मानकरीण नाही म्हणाली. भामाआयची सून, प्रमिला. घरात मृत्यू झाला की वर्षभर सण नाही. मानकरणीच्याच घरी सण नाही म्हटल्यावर यंदा मांड उघडणार नाही. आणि मांड बंद असताना ते गाणं वाजवायचं नाही, ह्या अटीवर भामाआयनं ते आपल्याला दिलंय.”

“अहो, पण वारली ती भामाआयच ना? तिच्याच सुतकापायी तिचाच आवाज बंद?”

“हो, सर.”

कुलगुरूंनी कप-बशी बाजूला सारली. मग माझ्याकडं वळले. “सोनटक्के, तुम्ही सांगा. तंत्राची अडचण आहे का?”

“दोन किल्ल्या लागतात, सर,” मी म्हणालो. “एक पासवर्ड माझा, एक मॅडमचा. दोन्ही पडल्याशिवाय ती फाईल उघडत नाही.”

“मग टाका की दोघांनी मिळून! आणि परवानगीचं म्हणाल, तर ती बाई उद्या येणारच आहे. मी स्वतः विचारीन तिला.” ते उठून उभे राहिले, म्हणजे आम्हीही उठायचं होतं. दाराशी पोचलो तेव्हा ते मागून म्हणाले, “आरोंदेकर बाई, माझ्या टेबलावर तुमची फाईल आहे. तुम्हाला अडचणीत आणायची माझी इच्छा नाही. मलाही तुम्ही आणू नका.”

मॅडम “बरं सर” म्हणाल्या आणि कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सावरत बाहेर पडल्या.

हा जुडगा विद्यापीठात प्रसिद्ध होता. ग्रंथालयातल्या प्रत्येक कपाटाची, खोलीची, पेटीची किल्ली त्यात होती आणि अंधारातही मॅडम नुसत्या बोटांनी हवी ती काढत. त्या येताना आधी खुळखुळ ऐकू यायची आणि वाचनकक्षात गप्पा मारणारी पोरं पुस्तकात तोंड घालायची. बाई एकवेळ स्वतः हरवतील, पण किल्ली हरवणार नाही, असं शिपाई लोक म्हणायचे.

पातळ्यांची पद्धत त्यांनीच घालून दिली होती. पहिली पातळी खुली, जगात कुणीही बघावं. दुसरी विद्यापीठाच्या आवारापुरती. तिसरी अर्ज करणाऱ्या संशोधकांसाठी. चौथी ठराविक तारखेपर्यंत बंद, म्हणजे ज्या प्रबंधाचं पुस्तक व्हायचंय, तसले ऐवज. ह्या चार सगळीकडंच असतात. पाचवी मात्र फक्त आमच्याकडं होती आणि ती जन्माला आली सोनवळच्या मांडाच्या कडेला, आदल्या वर्षीच्या पौषात.

सोनवळ म्हणजे घाटाच्या पायथ्याचं, माडा-पोफळींत बुडालेलं गाव. तिथं पौषात बायका धालो खेळतात. समोरासमोर दोन रांगा करायच्या, एकमेकींच्या कमरेत हात घालायचे आणि गात गात पुढं वाकत यायचं, मागं सरकायचं. ज्या अंगणात हे चालतं तो मांड. त्या गावाची रीत अशी की मांड बायकांचा, पुरुषानं त्यावर पाय ठेवायचा नाही. आणि ती गाणी मांडाबाहेर म्हणायची नाहीत, दिवस सरल्यावर तर गुणगुणायचीसुद्धा नाहीत.

आम्ही गेलो होतो ते शेवटच्या दिवशी. त्या दिवशी धालो दिवसा खेळतात आणि दुपार कलल्यावर मांड मोडतात, म्हणजे त्या वर्षापुरता बंद करतात. ध्वनिमुद्रणाचं सगळं सामान मीच वागवत नेलं होतं. माइकची घोडी उचलून मी अंगणात शिरणार, तोच एक काठीसारखी ताठ म्हातारी समोर आली.

“झिला, खय चल्लंस? मांडार पाय ठेवू नको हां.”

हीच भामाआय. मी म्हटलं, “आजी, माइक कसा लावू मग?”

“तुझी मॅडम लावतली. ती बायलमाणूस आसा मा?”

झालं! मॅडमनी जन्मात माइकला हात लावलेला नव्हता. मी दगडी कडेबाहेर उभा राहून ओरडत होतो, “मॅडम, डावीकडं! काळी वायर नव्हे, लाल!” आणि मॅडम पदर खोचून, किल्ल्या वाजवत, मांडभर वायरी ओढत होत्या. बायका हसून हसून लोटपोट झाल्या. कुलगुरू त्या दिवशी पाहुणे म्हणून आले होते, तेही माझ्या शेजारी कडेलाच उभे. विद्यापीठातला सगळा अधिकार त्या दगडी काठापाशी संपला होता.

मग भामाआय गायली. मांड मोडायचं गाणं, लांबच्या लांब. मला त्यातले निम्मे शब्द कळले नाहीत, पण अंगावर काटा आला तो आजही आठवतो. एवढ्याशा देहातून एवढा भरलेला आवाज येऊ शकतो ह्यावर माझा विश्वास बसेना. शेजारी कुलगुरू चष्मा काढून डोळे पुसत होते.

गाणं संपल्यावर भामाआय कडेला येऊन बसली आणि माझ्या लॅपटॉपकडं बोट दाखवून मॅडमना म्हणाली, “ह्या पेटयेक कुलूप आसा?”

“आहे की.”

“चावी कोणाकडे?”

“ह्याच्याकडं,” मॅडमनी मला दाखवलं.

“एकट्याकडे चावी देव नये.” म्हातारीनं मान हलवली. “आमच्या देवाच्या दागिन्यांची पेटी दोन चावयेंनी उघडता. एक गावकाराकडे, एक गुरवाकडे. दोघांचा जन्मात पटला नाय, म्हणान तर दागिने रवले!”

मॅडम हसल्या. पण माझ्याकडं वळून म्हणाल्या, “सोनटक्के, होईल का असं?” मी म्हटलं, होईल. तिथंच बसून केलंही.

“आता ऐक,” भामाआय म्हणाली. “ह्या मांड मोडूचा गाणा लांब आसा. माझ्या ह्या पोरींका अर्धाच येता. म्हणान तुका दिलंय. पण मांड उघडलो काय ऐकूचा, मांड मोडलो काय बंद करूचा.”

मी लगेच तत्पर. “आजी, तारीख सांगा. मी मशीनमध्ये टाकतो. त्या तारखेला आपोआप उघडेल, आपोआप बंद होईल.”

“तारीख खय आसता मांडाक? कोणाच्या घरात सुतक आसता, कोणाचा भात कापूचा रवता. इचारूक होया, बाबा.”

मी मॅडमना हळूच म्हटलं की मशीनला तारीख कळते, विचारणं कळत नाही. मॅडम म्हणाल्या, “मशीनला नको कळू दे. आपल्याला कळतंय ना?” आणि पाचव्या पातळीच्या रकान्यात त्यांनी एकच शब्द लिहायला लावला: विचारून. मला तो प्रकार निव्वळ वेडेपणाचा वाटला होता. गाव सोडायच्या आधी आम्ही दोघांनी आपापला पासवर्ड घातला आणि फाईल बंद केली. त्यानंतर ती कुणीच ऐकली नव्हती, अगदी आम्हीसुद्धा.

तर कुलगुरूंच्या दालनातून आम्ही ग्रंथालयात परतलो. संध्याकाळचे विद्यार्थी यायला सुरुवात झाली होती. मॅडमनी चहा मागवला. मी गप्प बसणाऱ्यातला नाही.

“मॅडम, उद्या प्रमिलाताई येतील. सर विचारतील, त्या हो म्हणतील, प्रश्न मिटेल. तुमची फाईलही पुढं सरकेल. त्यांची परवानगी मिळाल्यावर आपली काय हरकत?”

“ती हो म्हणेल, हे मलाही माहीत आहे,” मॅडम म्हणाल्या. “त्याचीच तर भीती आहे.”

“म्हणजे?”

“मी सोनवळला गेले तेव्हा ती खळ्यात सुपाऱ्या सोलत होती. मीही बसले सोलायला. दुपार गेली त्यात. घरच्यांची जेवणं झाली, गुरांना पाणी दाखवून झालं, मग विषय काढला. तिनं खूप वेळ विचार केला. म्हणाली, आयेचा आवाज ऐकूची माका पण इच्छा आसा, मॅडम, पण आयेन आयुष्यभर पाळलेली रीत तिच्याच नावान मी कशी मोडू? निघताना दारात मी पुन्हा विचारलं. तेव्हाही नाही म्हणाली. आणि नाही म्हटल्यावर मला चहा दिला, सोबत पोफळीच्या विरीत, म्हणजे झावळीच्या रुंद देठात, बांधून केळी दिली. म्हणजे कळलं तुम्हाला? तिला नाही म्हणताना माझी भीती वाटली नाही.”

“उद्याही नाही म्हणू शकतील की.”

“उद्या? व्यासपीठावर, खांद्यावर शाल, हातात नारळ, समोर हजार माणसं आणि कुलगुरू माइक पुढं करून विचारतायत. तिथं कोण नाही म्हणेल, सोनटक्के? तुम्ही म्हणाल? जिथं नाही म्हणायला जागा आहे, तिथं विचारलं तर ते विचारणं. नाहीतर नुसता देखावा.”

पण माझाही जीव टांगणीला लागलेला होता. कंत्राट मार्चपर्यंतचं, घरी बायकोचे दिवस भरत आलेले. मी म्हटलं, “मॅडम, खरं सांगू? तुमची किल्ली मी बदलू शकतो. व्यवस्थापक म्हणून मला तेवढा अधिकार आहे. नवीन पासवर्ड बनवायचा की झालं. सरांना हे ठाऊक नाही.”

“मला ठाऊक आहे.” त्या शांतपणे चहा पीत होत्या. “कुठल्याही कुलपाचं असंच असतं. शेवटी ज्याच्या हातात ते असतं त्याच्यावरच टिकतं. मी तुम्हाला बदलू नका असं म्हणणार नाही. तुम्हाला घर आहे.”

एवढंच. ना उपदेश, ना गळ. मी मनात म्हटलं, ही बाई रागावली असती तर बरं झालं असतं, मलाही भांडता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी सभागृह खच्चून भरलं. पहिल्या रांगेत गावोगावचे पाहुणे, पत्रकार, मागं पोरं. सोनवळहून प्रमिलाताई आली होती, चाळिशीतली, नाकात मोठी चमकी, नव्या लुगड्यात अवघडलेली. तिच्याबरोबर मांडावरच्या चार वयस्क बायका होत्या. मी व्यासपीठाच्या कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसलो होतो. मॅडम खाली, रांगेच्या टोकाला.

दीप लागला, भाषणं झाली. कुलगुरू भामाआयबद्दल फार सुंदर बोलले. मांडाच्या कडेला उभं राहून ऐकलेल्या गाण्याबद्दल सांगताना त्यांनी पुन्हा चष्मा काढून डोळे पुसले. मग त्यांनी प्रमिलाताईला वर बोलावलं, शाल घातली, श्रीफळ दिलं. टाळ्यांचा गजर झाला. तो ओसरता ओसरता त्यांनी माइक तिच्या तोंडाशी नेला.

“ताई, सासूबाईंचा आवाज आज इथं सगळ्यांना ऐकवावा अशी आमची इच्छा आहे. तुमची परवानगी आहे ना?”

पुन्हा टाळ्या. प्रमिलाताईनं सभागृहाकडं पाहिलं. मग खाली, आपल्या गावच्या बायकांकडं. त्या चौघी माना घालून बसल्या होत्या. तिनं शालीचा काठ मुठीत घट्ट धरला होता आणि तिचे ओठ हललेले मी अगदी जवळून पाहिले. हो म्हणायला माणूस जसं तोंड उघडतं तसंच तिनं उघडलं होतं.

तेवढ्यात किल्ल्यांची खुळखुळ ऐकू आली.

“सर, क्षमा करा,” आरोंदेकर मॅडम उभ्या राहिल्या होत्या. आवाज मोठा आणि स्वच्छ, वाचनकक्षात पोरांना दटावायचा तोच. “ताईंना विचारून उपयोग नाही. फाईल उघडणार नाही. माझ्याकडची किल्ली हरवली आहे.”

कुलगुरूंना काही उमजेना. “किल्ली?”

“पासवर्ड, सर. मी विसरले. काल रात्रीपासून आठवून पाहतेय, आठवत नाही. चूक सर्वस्वी माझी आहे.”

मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं आणि ते हसू सभागृहभर पसरलं. कमरेला वीतभर जुडगा लटकावून ती बाई सांगत होती की किल्ली हरवली! शिपाई हसले, प्राध्यापक हसले, पोरांनी तर शिट्ट्या मारल्या. पत्रकारांच्या माना वह्यांत गेल्या. मॅडमचा चेहरा लालबुंद झाला होता, पण त्या बसल्या नाहीत. सगळे हसून होईपर्यंत तशाच उभ्या राहिल्या.

कुलगुरू माझ्याकडं वळले. माइक बाजूला धरून दबक्या आवाजात म्हणाले, “सोनटक्के, दुसरा काही मार्ग?”

मार्ग माझ्या बोटांखाली होता. मी मॅडमकडं पाहिलं नाही. प्रमिलाताईकडं पाहिलं. तिच्या मुठीतला शालीचा काठ सुटला होता.

“नाही सर,” मी म्हणालो. “दोन्ही किल्ल्या लागतात. एक हरवली की संपलं.”

आम्ही दोघं त्या दिवशी खोटं बोललो, पण माझं खोटं कोपऱ्यातलं, कुजबुजीतलं होतं. मॅडमनी आपलं उभ्या सभेत, आपल्या नावानिशी सांगितलं होतं. ज्या एका गोष्टीसाठी जग त्यांना मान देत होतं, नेमकी तीच त्यांनी सगळ्यांसमोर उतरवून ठेवली आणि प्रमिलाताईला हो किंवा नाही, काहीच म्हणायची वेळ आणली नाही.

कार्यक्रमानंतर कुलगुरू व्हरांड्यात थांबले होते. रागावण्यापेक्षा दुखावलेले जास्त. “बाई, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.”

“माझीसुद्धा नव्हती, सर,” मॅडम म्हणाल्या.

पुढचं सगळं जसं व्हायचं तसं झालं. स्थानिक वर्तमानपत्रानं ‘ग्रंथपालच विसरल्या पासवर्ड’ असा मथळा छापला. मॅडमच्या नेमणुकीच्या फाईलवर सही झाली नाही. जो माणूस कुलूप घालून किल्ली विसरतो त्याच्या हाती अख्खं ग्रंथालय कसं सोपवायचं, असं निवड समितीत कुणीतरी म्हणालं म्हणे, आणि त्यावर काय बोलणार? बाहेरून एक तरुण ग्रंथपाल आले. मॅडम त्यांच्या हाताखाली सहायक म्हणून रुजू झाल्या, जुडगा त्यांच्या टेबलावर ठेवला आणि कुठली किल्ली कशाची ते समजावून दिलं. माझं कंत्राट मात्र वाढलं. मुलगी झाली तेव्हा तिच्यासाठी पहिलं झबलं मॅडमनीच शिवून आणलं. झाल्या गोष्टीबद्दल त्या कधी चकार शब्द बोलल्या नाहीत आणि विचारायची माझी छाती झाली नाही.

पौष आला आणि गेला. सोनवळचा मांड त्या वर्षी सुनाच राहिला.

त्याच्या पुढच्या पौषात एका सकाळी ग्रंथालयातला फोन वाजला. मी उचलला.

“मॅडम आसत?” पलीकडून प्रमिलाताई बोलत होती. “तेंका सांगा, मांड उघडलो. उद्या मांड मोडतलो, पण आयेचा गाणा आमका अर्धाच येता. फुडचा कोणाकच आठवणा नाय. ता घेवन येशात?”

मी निरोप सांगितला तेव्हा मॅडम नव्या पुस्तकांवर शिक्के मारत होत्या. त्यांनी हातातला शिक्का खाली ठेवला आणि म्हणाल्या, “रजेचा अर्ज देऊन येते.”

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही सोनवळच्या त्या दगडी कडेला पोचलो. मांड सारवलेला होता, तुळशीपुढं दिवा होता, दोन रांगांत बायका उभ्या होत्या. दोन वर्षांपूर्वी भामाआय उभी राहिली होती तिथं प्रमिलाताई उभी होती. मी कडेबाहेर थांबलो. मॅडमना तिनं हाताला धरून आत नेलं.

मांड मोडण्याआधी गाऱ्हाणं घालतात. प्रमिलाताईनं नारळ हातात धरला आणि सूर लावला. तिच्या प्रत्येक वाक्यामागून सगळ्या बायका हुंकार भरत होत्या.

“बा देवा म्हाराजा, आज तुझ्या ह्या मांडार तुझी लेकरां एकत्र झाली हत. जा काय चुकला माकला आसात ता पदरात घे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“जी आमची माणसां म्होरां गेली, तेंका तुझ्या पायाशी जागा दी रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

इथं ती थांबली. मॅडमकडं न बघता, नारळावरची नजर न हलवता पुढं म्हणाली, “आणि जिणे आमच्या आयेचो आवाज सांभाळल्यान, आमची लाज राखूक हजार लोकांत आपली चावी हरवली म्हणान सांगल्यान, तिची चावी तिका गावांदे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” त्या चार वयस्क बायकांचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

मी मॅडमकडं पाहिलं. सभागृहात हजार माणसं हसत असताना ज्या बाईच्या डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं, ती तिथं मांडाच्या मधोमध पदर तोंडाला लावून लहान पोरीसारखी रडत होती. प्रमिलाताईनं नारळ खाली ठेवला आणि ती त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. कुणालाच घाई नव्हती.

मग मॅडम डोळे पुसून कडेला आल्या. मी लॅपटॉप उघडून दगडावर ठेवला आणि माझा पासवर्ड टाकला. पुढची पायरी माझी नव्हती. मॅडमनी लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलला, मांडाच्या मध्यावर नेला आणि दिव्याजवळ जमिनीवर ठेवून त्यापुढं मांडी घातली. बायका भोवती वाकल्या.

“गावली काय चावी?” प्रमिलाताईनं विचारलं.

“गावली गो,” मॅडम म्हणाल्या, आणि त्यांनी बोटं ठेवली. एकदाही न अडखळता, कपाटाची किल्ली जशी न बघता काढायच्या तशीच, त्यांनी ती अक्षरं टाकली.

भामाआयनं पहिली ओळ उचलली. दुसऱ्या ओळीला प्रमिलाताई तिच्या सुरात मिसळली.